देवी डोळे मिटत नाही

बोरकुंडच्या महांतेश शिंप्याला काही सांगायचं असेल तर त्याच्या दुकानात जाऊन सांगू नये. तो ऐकतो सगळं, पण बघत असतो सुईकडं. आणि बघतो तोही असा की पापणी हलत नाही. नवं गिऱ्हाईक दोनदा खाकरतं, तिसऱ्यांदा मनात म्हणतं, हा माणूस आहे की गेला. ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या बायका एकमेकींना सांगतात, "महांतेशभाऊचा हात लई चांगला, पर नजरंचं भ्या वाटतं बाई."

ती नजर त्यानं कमावलेली आहे. नळदुर्गापासून कोसभरावरच्या या गावात चैत्रात महादेवाची जत्रा भरते, आणि जत्रेच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देवीचं सोंग निघतं. बावीस वर्षं ती देवी म्हणजे महांतेश. नऊवारी, नथ, दोन हात स्वतःचे अन् दोन लाकडाचे, तोंडाला सफेद्याचा थर, डोळ्यांत कानापर्यंत ओढलेलं काजळ. पायाखाली महिषासुर, म्हणजे त्याचा बालमित्र बंडप्पा, पिठाच्या गिरणीवाला. चावडीपासून महादेवाच्या देवळापर्यंत ट्रॉली तासभर रांगते. त्या तासाभरात देवीनं डोळे मिटायचे नाहीत, हा गावचा दंडक. माणूस डोळे मिटतो, देव मिटत नाही. मिटले तर ती देवी कसली, लुगडं नेसलेला शिंपी.

आता तासभर पापणी न हलवणं कुणाच्या बापाला जमणार आहे? महांतेशलाही जमत नव्हतं. पण मिरवणुकीत दर दहा-वीस पावलांवर हलगीवाले मुठी भरभरून भंडारा उधळत. हळदीचा तो पिवळा लोट अंगावर आला की सारं गाव डोळे मिटून घेई, आणि तेवढ्यात देवीही मिटून घेई. ही मेख दोघांनाच ठाऊक. एक मिटणारा, दुसरा त्याच्या पायाखाली जीभ बाहेर काढून आडवा पडलेला.

दोन लोटांमधला वेळ मात्र अंगावर काढावा लागे. त्यासाठी महांतेश जत्रेआधी दोन महिने रोज सकाळी समईसमोर बसून ज्योतीकडं एकटक बघायचा. गिरिजाबाई, त्याची बायको, चुलीजवळून म्हणायची, "बघा, बघा. ज्योतच आधी डोळं मिटंल."

गेल्या साली घात झाला. ट्रॉली आडाच्या वळणावर आली आणि देवीच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मग उजव्या. काजळ ओघळलं, पांढऱ्या गालावर दोन काळ्या रेघा उतरल्या. बायांनी आधी हात जोडले, मग त्यांच्या लक्षात आलं की देवी रडतेय, आणि जोडलेले हात तोंडावर गेले. कुणीतरी लगेच त्र्याण्णव साल काढलं. भूकंप बघितलेला हा मुलूख, इथं अपशकुनाला फार शिकवावं लागत नाही. पुढं वर्षभर बोर आटलं, देवी रडली होती. सरपंचाची म्हैस दावं तोडून गेली, देवी रडली होती. एका नवरदेवाला ऐन हळदीत गोवर निघाला, तोही देवीच्याच माथी.

जत्रेचा शब्द माणिकप्पांचा. ऐंशी ओलांडलेला माणूस, पारावर बसतो, काळा चष्मा घालतो. बाराही महिने, ढगाळ असलं तरी. का घालतो हे विचारायची कुणाची छाती नाही. त्यांनी यंदा माघातच महांतेशला बोलावून सांगितलं, "पाडव्याला माझ्यासमोर बसायचं. हलगीच्या दहा ठेक्यांपतूर डोळ्याला पाणी न्हाय आलं तर साडी तुझी. आलं तर यंदा शिवराज."

शिवराज म्हणजे पंचविशीतला पोरगेला गडी, दिसायला देखणा, देवी शोभेलही. बावीस वर्षं वर्षातला एक दिवस सारं गाव त्याच्या पाया पडत होतं. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्या एका दिवसावर निघायचे.

आता शिंपी तो. त्यानं शिंप्यासारखाच विचार केला. कापड ओलं झालं की काय करतात, वाळवतात. डोळ्याला पाणी जास्त झालंय, तर डोळा वाळवायचा. सर्दीच्या गोळीनं नाकाचं पाणी आटतं हे त्यानं पाहिलं होतं. नाक अन् डोळे शेजारीशेजारी, मग डोळ्याचं का आटणार नाही? त्यानं औषधाच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी आणली आणि सर्दी नसताना रोज एक सुरू केली. शिवाय मशीनवर बसताना टेबलफॅन सरळ तोंडावर वळवला, म्हणजे राहिलेलं वाऱ्यानं वाळेल.

पंधरा दिवसांत तोंडाला कोरड पडली, डोळ्यांत तुसं शिरल्यागत झालं, आणि पाणी दुप्पट वाहायला लागलं. शिवण वाकडी जाऊ लागली. बंडप्पा रोज संध्याकाळी चौकशीला येई.

"म्हांत्या, आज किती?"

"तीन रुमाल."

"काल अडीच व्हते. सुधारणा हाय गड्या. असाच रडत राह्यलास तर तलावाला पाणी येईल."

"तू गप पड. पायाखाली पडून ऱ्हायची सवय हाय तुला."

गिरिजाबाईनं हे आठवडाभर ऐकलं आणि एका सकाळी पदर खोचून उभी राहिली. "चला सोलापूरला. डोळ्याच्या डॉक्टरला दाखवू. अन् मी बी येणार. तुम्ही खरं सांगणार न्हाय तिथं."

डॉक्टरीण निघाली अक्कलकोटकडची. गायत्री मॅडम, तिशीतल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी महांतेशला यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं, पापण्या उलथ्यापालथ्या करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमचे डोळे कोरडे पडलेत."

महांतेशनं रुमालानं डोळे पुसले, पिळायचाच बाकी होता तो, आणि त्याला हसू आलं. "मॅडम, मग हे काय, घाम हाय का?"

"कोरडे आहेत म्हणूनच पाणी येतंय. डोळा कोरडा पडला की टोचतं. टोचलं की डोळा घाबरून भसकन पाणी सोडतो. पण ते नुसतं पाणी. वाहून जातं, डोळ्यावर टिकत नाही."

हे त्याला पटलं नाही, पण त्याची उत्सुकता मात्र चाळवली. ज्या माणसानं आयुष्यभर उसवून बघितल्याशिवाय कापडावर विश्वास ठेवला नाही, तो डोळ्याला कसा सोडेल? "टिकत न्हाय म्हणजे?"

"दाखवते." त्यांनी डोळ्याला पिवळा रंग लावला, निळा दिवा सोडला. "आता समोर बघा. मी सांगेपर्यंत पापणी मिटायची नाही."

बावीस वर्षांत पहिल्यांदा एखाद्या शिकलेल्या माणसानं हे त्याच्याकडं मागितलं होतं. महांतेश ताठ झाला. छाती पुढं आली. देवी बसली.

"एक, दोन, तीन. झालं."

"झालं? म्या तर अजून मिटलं न्हाय."

"तुम्ही नाही मिटलं काका. पण डोळ्यावरचा पाण्याचा पापुद्रा तीन म्हणेपर्यंत फाटला. चांगल्या डोळ्यात तो दहा अंक तरी धरतो."

महांतेशचा चेहरा पडला. म्हणजे तो न मिटता बसायचा, आणि आत कापडच फाटत होतं.

मॅडमनी मग सांगितलं की डोळ्यावरचं पाणी म्हणजे साधं पाणी नव्हे. खाली चिकट थर, त्यामुळं पाणी डोळ्याला धरून राहतं. मधे पाणी. वर तेलाचा बारीक तवंग, म्हणजे ते उडून जात नाही.

"खालचं अस्तर," महांतेश पुटपुटला.

"अन् वरलं लोणच्यावरचं तेल," गिरिजाबाई मागून म्हणाली. "तेल कमी पडलं की फोडी वाळत्यात."

"मावशी, मी विद्यार्थ्यांना हेच सांगत जाईन आता," मॅडम हसल्या. त्यांनी महांतेशची खालची पापणी हलकेच दाबली आणि आरशात त्याला दाखवलं. पापणीच्या काठावर बारीक बारीक भोकं, शिवणीच्या टाक्यांसारखी रांगेत. दाबल्यावर तेल यायला हवं होतं, आलं घट्ट पांढरं काहीतरी, टूथपेस्टसारखं. "या तेलाच्या नळ्या. वर-खाली मिळून एका डोळ्याला पन्नासेक. आपण पापणी मिटतो ना, तेव्हा त्या पिळल्या जातात अन् तेल डोळ्यावर पसरतं. मिटलंच नाही तर तेल आतच थिजतं. तुम्ही पापणी का मिटत नाही?"

महांतेश रुमालाची घडी घालू लागला.

गिरिजाबाईला हीच संधी हवी होती. तिनं बोटं मोडत सुरुवात केली. "सुईकडं एकटक बघत्यात, मिटत न्हाईत. सकाळी समईकडं बघत्यात, मिटत न्हाईत. जत्रंत देवी व्हत्यात, तवा बी मिटत न्हाईत. पंखा तोंडावर. गाडीवर नळदुर्गाला जाताना चष्मा न्हाय. सफेदा अन् काजळ पापणीच्या आतल्या काठापतूर, अन् पुसायचं म्हणजे खोबरेल लावून फडक्यानं एकदा, की झालं. अन् आता सर्दीची गोळी खात्यात, डोळं वाळवायला."

मॅडम लिहायच्या थांबल्या. "सर्दी आहे?"

"न्हाय," महांतेश म्हणाला.

"त्या गोळीनं नाक आटतं तसं डोळ्याचं खरं पाणीही आटतं. तुम्ही बुडत्याच्या गळ्यात धोंडा बांधलात काका."

मग त्यांनी कागदाच्या दोन बारीक पट्ट्या काढल्या, टोक मुडपून खालच्या पापणीत अडकवल्या. पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं, कागद किती भिजतो ते बघायचं. महांतेशचे दोन्ही कागद निम्म्यापुढं भिजले. "पाणी आहे तुम्हाला. कमी आहे ते तेल. कोरड्या डोळ्यांच्या दोन मोठ्या जाती. एकीत पाणी मुळात कमी तयार होतं, दुसरीत तयार होतं पण उडून जातं. तुमची दुसरी. बऱ्याच जणांत दोन्ही मिसळलेल्या असतात."

गिरिजाबाई त्या कागदाकडं टक लावून बघत होती. तिला नुसतं करून बघायचं होतं, दुसरं काही नाही. "बाई, मला बी लावा की एक. माझ्या बी डोळ्यात वाळू असल्यागत व्हतंय. पर मला पाणी येत न्हाय, म्हणून म्हटलं मला काय रोग न्हाय."

मॅडमनी लावला. पाच मिनिटं झाली. कागद काढला तेव्हा टोकाशी, जिथं तो पापणीत मुडपला होता, तिथंच नखाएवढा ओला होता. बाकीचा कोराकरकरीत.

मॅडमचं हसणं जरा मागं सरलं. "मावशी, तोंडाला कोरड पडते का?"

"पडती."

"भाकरी गिळताना पाणी लागतं?"

"घासागणिक लागतं."

"बोटांचे सांधे?"

"सकाळी उठल्यावर आखडल्यात. भाकरी थापताना मोकळं व्हत्यात हळूहळू."

महांतेश खुर्चीत चुळबुळला. तीन वर्षं ती प्रत्येक घासाला तांब्या तोंडाला लावायची आणि तीन वर्षं तो म्हणायचा, "गिरिजे, भाकरी खाती का पिती?" एकदा पाहुण्यांसमोर म्हणाला होता, सगळे हसले होते. तीही हसली होती, तांब्या खाली ठेवून.

"ही पहिली जात," मॅडम म्हणाल्या. "पाणी बनवणारी ग्रंथीच सुस्त झालीय. पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांचे डोळे थोडे कोरडे होतातच. पण तोंड, डोळे आणि सांधे तिन्ही एकदम बोलायला लागले, तर कधी कधी शरीराचे राखणदारच घरच्या माणसाला चोर समजून मारत असतात. रक्त तपासू. आधी नाव ठेवायला नको. सांध्यांच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी देते, तिकडं जायचं टाळू नका."

परतीच्या एसटीत महांतेश खिडकीशी बसला होता. बोरामणीचा थांबा आला, गेला. वारा शेजारी बसलेल्या गिरिजाबाईच्या डोळ्यांवर येत होता, त्यानं खिडकीची काच ओढून घेतली.

"बोलली का न्हाईस?"

"तुमच्या डोळ्याला पाणी येत व्हतं, ते साऱ्या गावाला दिसत व्हतं," गिरिजाबाई म्हणाली. "माझं न येणारं पाणी कुणाला काय दाखवू?"

 

पुढचे दीड महिने शिंप्याच्या घरात निराळाच कारभार चालला. सकाळी समईऐवजी गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं आलं. दहा मिनिटं डोळ्यांवर, म्हणजे थिजलेलं तेल पातळ होतं. मग पापण्यांचे काठ हलक्या हातानं पुसायचे. गोळ्या गटारात गेल्या, पंख्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. दर टाक्याला महांतेश पापणी मिटायला शिकला, आणि गल्लीत नवी बातमी फिरली की महांतेश शिंपी आता येणाऱ्याजाणाऱ्या बायांना डोळे मिचकावतो. मॅडमनी दिलेल्या दोघांच्या थेंबांच्या बाटल्या भिंतीतल्या देवळीत शेजारीशेजारी राहिल्या. तिचे रक्ताचे कागद आले, मॅडमची शंका खरी निघाली. सांध्यांच्या डॉक्टरनं औषध सुरू केलं आणि सांगितलं, ही सोबत लांबची आहे, पण ताब्यात राहील. महांतेश जेवायला बसला की आधी तिचा तांब्या भरून तिच्या उजव्या हाताला ठेवायला लागला.

पाणी आता क्वचित यायचं. पण न मिटता बसलं की मॅडमच्या मोजणीतल्या तिनाचे फार तर सहा झाले होते. हलगीच्या दहा ठेक्यांना ते पुरणारं नव्हतं. पाडवा आला.

परीक्षा घरातच व्हायची होती, माणिकप्पांच्या सोप्यात. हलगी घेऊन बंडप्पा, पाट मांडून महांतेश, दाराशी गिरिजाबाई. माणिकप्पांनी हात वर केला, आणि हलगीवर थाप पडायच्या आत महांतेशच बोलला.

"अप्पा, वाजवू नका. म्या बावीस वर्षं मिटत आलोय. भंडारा उधळला की समदं गाव मिटतं, तवा म्या बी मिटत व्हतो. गावाला फसवलं. अन् आता तेवढ्यानं बी भागत न्हाय. डोळ्याचं तेल आटलंय. साडी शिवराजला द्या, पर त्याला समईसमोर बसवू नका. त्याचं बी असंच व्हईल."

बंडप्पानं हलगी मांडीवर ठेवली आणि छताकडं बघायला लागला, जणू या कटात तो कधी नव्हताच.

माणिकप्पांनी काळा चष्मा काढला. आतले डोळे लाल, पापण्यांचे काठ जाड, केस झडलेले. खिशातून बाटली काढून त्यांनी दोन थेंब सोडले, सवयीच्या हातानं.

"तुझ्या आधी अठरा वर्षं देवी कोण व्हतं, इसरलास? माझ्या वक्ताला भंडारा फकस्त देवळापाशी उधळायचे. मधी कायच न्हाय. तुझी पाळी आली तवा म्याच हलगीवाल्यांना सांगितलं, दर ईस पावलांवर उधळा म्हणून." त्यांनी चष्मा पुसला. "म्हांत्या, तू मिटत व्हतास हे मला म्हाइत हाय. मिटायला जागा म्याच केली."

बावीस वर्षं जी चोरी तो जपत होता, ती कुणीतरी त्याच्यासाठी मांडून ठेवलेली होती.

"साडी यंदा बी तुझीच. पर गावासमोर देवी मिटली तर चालायचं न्हाय," माणिकप्पा म्हणाले. "अन् भंडारा वाढवला तर हळदीनं उरलेले डोळे बी जातील. मग करायचं काय?"

दाराशी गिरिजाबाईनं खाकरून घेतलं. "अप्पा, बोलू का? देवळात निवद दाखवताना पडदा वढत्यात का न्हाय?"

"वढत्यात."

"देव जेवतो तवा कुणी बघत न्हाय. अन् आमची देवी तासभर गावातनं फिरती, दर दारात बाया आरती ववाळत्यात, निवद एकजण दाखवत न्हाय. उपाशी जाती देवी. भंडारा हाय तसा उधळा, पर दर चार घरांमागं निवद बी दाखवा, पडदा वढा. आतमंदी ती काय करती ते देवीला ठावं."

माणिकप्पांनी चष्मा घातला, पण त्याआधी त्यांच्या डोळ्यांच्या कडा हसल्या हे बंडप्पानं पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर केलं. "पडदा कोण शिवणार?" एवढंच त्यांनी विचारलं.

पडदा शिवला महांतेशनं. हिरव्या खणाचा, दुहेरी अस्तराचा, जरीच्या काठाचा. त्याच्या आजवरच्या कामात एवढं अस्तर कुठल्या ब्लाऊजला लागलं नव्हतं.

जत्रेच्या दिवशी ऊन कडक होतं, चैत्राचा कोरडा वारा सुटला होता. काजळ यंदा पापणीच्या बाहेरून ओढलं होतं. ट्रॉली चावडीवरून हलली. देवी बघत होती समोर, महिषासुर बघत होता वर. चार घरं झाली की गिरिजाबाई पुरणाचं ताट घेऊन ट्रॉलीवर चढायची, शिवराज पडद्याची दोरी ओढायचा, हलगी थांबायची, गाव हात जोडून माना खाली घालायचं. आडाच्या वळणावर पुन्हा पडदा ओढला गेला. गेल्या सालच्या रेघा साऱ्यांना आठवत होत्या. पडदा सरला, देवीचे डोळे टवटवीत, गाल कोरडे. बायांनी असे हात जोडले की बांगड्यांचा आवाज हलगीच्या वर गेला.

शेवटचा पडदा देवळासमोर पडला. आत देवीनं वीसदा पापण्या मिटल्या, घट्ट, तेल पिळून काढावं तशा. गिरिजाबाईनं तिच्या डोळ्यांत थेंब सोडले.

"माझ्या हक्काचं काय?" पायाखालून बंडप्पा कुजबुजला. "नवव्यांदा ताट आलंय. एक पोळी महिषासुराला दिली तर काय देवी बाटती व्हय?"

"मेलेल्यानं बोलू नाय," गिरिजाबाई म्हणाली आणि त्याच्या तोंडात पोळीचा तुकडा कोंबला.

ती उतरायला वळली तर देवीनं खऱ्या हातानं तिचा पदर धरला. "बाटली आण इकडं. तुझी सकाळपासनं राह्यली. मान वर कर."

"आता? गाव उभं हाय बाहेर."

"मान वर कर, गिरिजे."

तिनं केली. लाकडी हात आडवे येत होते, नथ नाकावर डुलत होती, आणि देवी जीभ दाताखाली धरून, सुईत दोरा ओवावा तशी, थेंब नेमका पाडायच्या खटपटीत होती. पहिला गालावर गेला. दुसरा बसला. गिरिजाबाई डोळे मिटून उभी राहिली, मॅडमनी सांगितलं होतं तेवढा वेळ.

बाहेर शिवराजला घाई झाली. त्यानं दोरीला हात घातला.

"थांब," माणिकप्पांचा आवाज आला. "देवी जेवती अजून."